होडी असते, जॅकेट नसतं

सांगली जिल्ह्यातलं कुंडल गाव ज्या पलूस तालुक्यात येतं, त्याच तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये ८ ऑगस्ट २०१९ रोजी पूरग्रस्तांना बाहेर काढणारी होडी उलटली आणि १७ जणांचा जीव गेला. मदत पोहोचायच्या आधी गावानेच होडी पाण्यात घातली होती. तिच्यात जास्त माणसं बसली, आणि लाइफ जॅकेट सगळ्यांच्या अंगात नव्हती. धाडस होतं, तयारी नव्हती.

सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं. हे आकडे काठावरच्या पोरासोरांनाही पाठ असतात. पण ४० फुटांना आपल्या गल्लीत कोणी काय करायचं, हे किती गावांत ठरलेलं असतं? म्हातारी माणसं कोणी हलवायची, दोरखंड कोणाकडे, होडीत किती जण बसायचे आणि जास्त झाले तर नाही कोणी म्हणायचं? आणि गुरं? दावणीला म्हैस बांधलेली असताना शेतकरी घर सोडत नाही. गुरांची जागा आणि वैरण आधी ठरली, तर माणसं वेळेत निघतात.

ही तयारी शिकवता येते: केंद्राच्या ‘आपदा मित्र’ योजनेत स्थानिक स्वयंसेवकांना १२ दिवसांचं प्रशिक्षण दिलं गेलं. गावातल्याच तरुणांना तयार करण्याची ही कल्पना कुंडलला नवी नाही: १९४३ मध्ये ब्रिटिशांविरुद्ध उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारच्या तुफान सेनेत इथल्याच तरुणांनी कवायत केली होती. आता तीच शिस्त पावसाळ्याआधी, होडी काठाला असतानाच हवी.