कळंबपर्यंत आलेली गाडी

देवळी मागे पडली, वर्धा नदीचा पूल ओलांडला की यवतमाळ जिल्हा लागतो. एका अंगाला वर्धा, दक्षिणेला पैनगंगा, मध्ये अजिंठ्याच्या डोंगरांचा पसारा, काळी कापूसजमीन आणि उरलंसुरलं सागवान. इतिहास झटपट सांगतो: १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांकडे गेला आणि पूर्वी वणीच्या नावाने ओळखला जाणारा जिल्हा १९०५ मध्ये यवतमाळ झाला. बापूजी अणे वणीचे, वसंतराव नाईक गहुलीचे, हे इथलं शाळकरी पोरही सांगतं.

मी रेंगाळलो तो कळंबला. चिंतामणीचं देऊळ जमिनीच्या पातळीखाली आहे. पायऱ्या उतरून जायचं, समोर कुंड. हारवाल्या मावशींनी कथा सांगितली. गौतम ऋषींच्या शापाने हैराण झालेला इंद्र इथल्या कदंबवनात तपाला बसला, गणपती पावला, अंकुशाच्या घावाने कुंडाला पाणी लागलं आणि इंद्राने गंगेला बजावलं, दर बारा वर्षांनी येऊन याचे पाय धूत जा. "येते का?" विचारलं, तर म्हणाल्या, "येते ना जी. थांबा लागते."

थांबण्याचा सराव गावाला आहेच. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्गाने कळंबपर्यंत यायला गंगेपेक्षा जास्त वर्षं घेतली. गाडी आली ती २८ फेब्रुवारी २०२४ ला.

यवतमाळला रेल्वे नवी नाही, हे त्यातलं दुखणं. विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक निक्सन कंपनीने मूर्तिजापूर-यवतमाळ नॅरोगेज टाकली, तीच शकुंतला. देशातल्या रेल्वे सरकारच्या झाल्या, ही लाइन मात्र कंपनीच्याच नावावर राहिली. मँचेस्टरला घडलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत तिला ओढत होतं. पुढे डिझेल आलं, आणि अखेर गाडीच थांबली. स्टेशनजवळ भेटलेले एक म्हातारे बाबा रूळांकडे हात करून म्हणाले, "मानसायसाठी नोती जी ते, कापसासाठी होती. मानसं मंग बसू लागले." याहून नेमका आर्थिक इतिहास मला जिल्ह्याच्या कुठल्या पुस्तकात सापडला नसता. कापूस मूर्तिजापूरला, तिथून मुंबईला, पुढे बोटीने विलायतेला.

आजही तऱ्हा फार बदललेली नाही. वणीचा कोळसा बाहेर जातो, धूळ वणीत राहते. कापसाच्या गाठी बाहेर जातात; फवारणीचं विष मात्र इथल्याच माणसांच्या अंगात भिनतं. २०१७ च्या विषबाधेच्या त्या हंगामाचा विषय निघाला की चहाच्या टपरीवर सगळे गप्प होतात. शेतकरी आत्महत्यांसाठी जिल्ह्याचं नाव देशभर झालं. टिपेश्वर अभयारण्याच्या वाघांनी अलीकडे त्याला दुसरी ओळख दिली, एवढाच दिलासा.

शकुंतला ब्रॉडगेज करा, ही मागणी जुनीच आहे. तोवर यवतमाळच्या माणसाला रेल्वेने मुंबईला जायचं तर आधी बसने धामणगाव गाठायचं. आणि धामणगाव अमरावती जिल्ह्यात.