डिस्क गेली, की नुसती डबी गेली?

एक्स्टर्नल हार्ड डिस्क म्हणून दुकानातून जी काळी डबी घरी येते, तिच्यात प्रत्यक्षात बहुधा दोन वेगळ्या वस्तू असतात. एक म्हणजे खरी हार्ड डिस्क, लॅपटॉपमध्ये किंवा डेस्कटॉपमध्ये बसते तशीच. दुसरी म्हणजे तिच्या टोकाला जोडलेली बोटभर लांबीची सर्किटची पट्टी. डिस्कला ‘साटा’ नावाची भाषा कळते, संगणकाच्या पोर्टाला यूएसबीची. ही पट्टी दोघांमधली दुभाषी. तिला ब्रिज बोर्ड म्हणतात. डबी ‘बंद पडली’ की बहुतेक घरांत डिस्कच गेली असे धरले जाते. पण केबल, पोर्ट, अडॅप्टर आणि ब्रिज बोर्ड हे चारही दुवे डिस्कच्या बाहेर आहेत आणि त्यांतला कुठलाही तुटला तरी लक्षण एकच दिसते: संगणकावर डिस्क उमटत नाही. म्हणून शोध बाहेरून आत घ्यायचा असतो.

परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यातील चारठाण्यासारख्या गावात या शोधाला जास्त महत्त्व आहे. गावातल्या यादवकालीन मंदिरांची, गोकुळेश्वराची, बारवांची वर्षानुवर्षे काढलेली छायाचित्रे, लग्नांचे चित्रीकरण, शाळेचे आणि संस्थांचे कागद आज अशाच डब्यांत असतात आणि पुष्कळदा त्यांची दुसरी प्रत कुठेही नसते. आतला डेटा काढून देणारी सुसज्ज प्रयोगशाळा गाठायची तर थेट मोठे शहर गाठावे लागते आणि खर्चही मोठा येतो. दोष केबलचा असताना एवढा फेरा घालणे जितके वाईट, तितकेच डिस्क आतून मरत असताना घरी तासन्‌तास खटपट करणेही वाईट.

बिघाडाची सुरुवात अनेकदा डिस्क काढून घेण्याच्या पद्धतीतच असते. फाइल कॉपी झाल्याची खिडकी बंद झाली म्हणजे शेवटचा बाइट डिस्कमधल्या फिरत्या तबकडीवर लिहिला गेला, असे नसते. वेग वाढावा म्हणून संगणक आणि डिस्क दोघेही काही मजकूर तात्पुरत्या स्मृतीत धरून ठेवतात. विंडोज 10 च्या 2018 मधल्या 1809 या आवृत्तीपासून बाहेरच्या डिस्कसाठी संगणकाकडची ही साठवण मूळ मांडणीतच बंद असते, त्यामुळे धोका कमी झाला, संपला नाही. लिहिणे चालू असताना केबल ओढली तर फाइलींची यादी अर्धवट राहते. यादी ठेवण्याच्या एनटीएफएस पद्धतीत केलेल्या बदलांची नोंदवही असते, तिच्या आधारे यादी बऱ्यापैकी सावरते. एक्सफॅटमध्ये ती सोय नाही. मॅक आणि विंडोज दोन्हीकडे चालते म्हणून छायाचित्रकार एक्सफॅट पसंत करतात, तेव्हा केबल काढण्याआधी इजेक्ट करण्याची सवय त्यांनी तर अजिबात सोडू नये.

इजेक्टमुळे आणखी एक काम होते. डिस्कला थांबण्याची आज्ञा मिळते आणि तिची वाचणारी-लिहिणारी हेड तबकडीवरून उचलून बाजूच्या उतारावर नेऊन ठेवली जातात. वीज अचानक गेली तरी ती तिथे पोचतात, कारण फिरत्या मोटरमधली उरलीसुरली ऊर्जा त्यासाठी वापरली जाते. मात्र ती घाईची ओढ असते आणि यंत्राला ती सोसावी लागते. इजेक्टनंतरही डिस्क लगेच उचलू नये. मिनिटाला 5400 फेऱ्यांची तबकडी सेकंदाला 90 वेळा फिरत असते, तिला थांबायला थोडा अवधी लागतो. हाताला जाणवणारी बारीक थरथर थांबली की मग डबी हलवावी.

डिस्क वापरात आहे असा संदेश देऊन विंडोज कधीकधी सोडायलाच तयार होत नाही. एखादी उघडी फाइल, अँटिव्हायरसची तपासणी, शोधासाठी चालणारी सूची किंवा छायाचित्रांच्या लहान प्रतिमा बनवणारा प्रोग्रॅम तिला धरून बसलेला असतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 225 क्रमांकाच्या नोंदीत त्या प्रोग्रॅमचे नाव सापडते; लिनक्समध्ये एलसॉफ ही आज्ञा तेच सांगते. तरीही जमले नाही तर संगणक बंद करून मग डिस्क काढावी. इथे एक बारकावा आहे: विंडोजमधले नेहमीचे शट डाउन फास्ट स्टार्टअपमुळे पूर्ण बंद होणे नसते. शिफ्ट दाबून धरून शट डाउन केले की यंत्रणा खरोखर बंद होते.

आता न दिसणारी डिस्क. सर्वांत आधी वीज पाहावी. अडीच इंची डिस्क यूएसबीच्या 5 व्होल्टवरच चालते. यूएसबी 2.0 चा पोर्ट नियमाने 500 मिलिअँपिअर देतो, यूएसबी 3.0 चा 900. तबकडीला पहिली गती देताना डिस्क क्षणभर 1 अँपिअरच्या आसपास मागते. चांगले पोर्ट तेवढे सोसतात. डेस्कटॉपच्या पुढच्या बाजूचे पोर्ट, लांब केबल आणि बिनअडॅप्टरचे हब पुष्कळदा सोसत नाहीत. अशा वेळी डिस्कमधून बारीक ‘बीप’ ऐकू येतो. डिस्कमध्ये कसलाही भोंगा नसतो. मोटर फिरू पाहते, फिरत नाही आणि तिची वेटोळी कंप पावतात, त्याचा तो आवाज. आखूड केबल मागच्या पोर्टाला लावून आवाज गेला तर दोष विजेचा होता. तरीही बीप चालूच राहिला तर हेड तबकडीला चिकटले असण्याची किंवा मोटर जाम झाल्याची शक्यता मोठी असते, मग पुन्हा पुन्हा वीज देणे थांबवावे.

साडेतीन इंची मोठ्या डबीला वेगळा 12 व्होल्टचा अडॅप्टर लागतो आणि कमीजास्त दाबाच्या विजेत, वारंवार जा-ये होणाऱ्या पुरवठ्यात पहिला बळी त्याचाच जातो. जुना झालेला अडॅप्टर मल्टिमीटरवर व्यवस्थित 12 व्होल्ट दाखवतो. भार आला की मात्र त्याचा दाब कोसळतो. दिवा लागतो, तबकडी फिरत नाही, किंवा फिरून पुन्हा थांबते. अशा वेळी घरातला दुसरा अडॅप्टर पिनेत बसतो म्हणून लावू नये. लॅपटॉपचा 19 व्होल्टचा अडॅप्टर नेमका असाच बसतो आणि सर्किट जाळतो. डिस्कच्या सर्किटवर जास्त दाब स्वतःवर झेलणारा एक डायोड असतो. तो नशिबाने वेळेवर शॉर्ट झाला तर बाकीची डिस्क वाचते. जाणकार तंत्रज्ञ तेवढा डायोड काढून डिस्क पुन्हा चालवून दाखवतात.

त्यानंतर केबल. यूएसबी 3.0 च्या डब्यांना जी चपटी, रुंद पिन असते, तिचे नीट पाहिले तर दोन भाग दिसतात. मोठ्या भागात जुन्या मायक्रो यूएसबीचे पाच संपर्क, शेजारच्या लहान भागात जास्त वेगाचे आणखी पाच. लहान भागाचा संपर्क तुटला तर डिस्क चालते, पण जुन्या वेगाने: सेकंदाला शंभराहून अधिक मेगाबाइट जाण्याऐवजी 35-40 वर अडकते. डिस्क ‘स्लो झाली’ या तक्रारीमागे कधीकधी एवढेच असते. ही रुंद केबल खेड्यातल्या दुकानात चटकन मिळत नाही. पण जुन्या मोबाइलची साधी मायक्रो यूएसबी केबल त्या सॉकेटच्या मोठ्या भागात बरोबर बसते. ती डेटा नेणारी हवी, नुसती चार्जिंगची नको. वेग कमी मिळेल, पण दोष केबलचा आहे की डबीचा, याचा निकाल लागतो. नवी केबलही हलवल्यावरच चालत असेल तर ब्रिज बोर्डावरच्या सॉकेटचे डाग सुटलेले असतात. पिशवीत केबल लावलेलीच ठेवून डिस्क नेली की हे हमखास होते.

वीज आणि केबल ठीक असताना तबकडी फिरते, पण फोल्डर उघडत नाही, तेव्हा विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये पाहावे. तिथे डिस्क पूर्ण आकाराची दिसत असेल आणि फक्त ड्राइव्हचे अक्षर नसेल तर ते नेमून द्यायचे, झाले. एनटीएफएस किंवा एक्सफॅट या नावाच्या जागी ‘रॉ’ दिसले किंवा डिस्क फॉरमॅट करायची का असा प्रश्न आला, तर उत्तर नेहमी ‘नाही’. फाइलींची यादी वाचता येत नाही एवढाच त्याचा अर्थ. फाइली बहुधा जागच्या जागी असतात. चेकडिस्क ही विंडोजची आज्ञाही लगेच चालवू नये. ती यादी दुरुस्त करण्यासाठी डिस्कवर लिहिते आणि डिस्क आतून खराब होत असेल तर हे लिहिणे नुकसान वाढवते.

डिस्कची आतली तब्येत तिच्या स्वतःच्या ‘स्मार्ट’ नोंदींत कळते. क्रिस्टलडिस्कइन्फोसारखा मोफत प्रोग्रॅम त्या दाखवतो. 5 क्रमांकाची नोंद म्हणजे बाद करून दुसरीकडे हलवलेले सेक्टर, 197 म्हणजे वाचता न आल्याने निर्णय लांबलेले सेक्टर. 197 चा आकडा वाढत असेल तर बाकी सगळे बाजूला ठेवून आधी प्रत काढावी. 199 च्या नोंदीबाबत मात्र गैरसमज फार आहे. ती केबलचा दोष सांगते असे म्हणतात, ते खरे. पण ती मोजते डिस्क आणि ब्रिज बोर्ड यांच्यामधल्या चुका. यूएसबी केबल बदलून तो आकडा वाढायचा थांबणार नाही. डबी उघडून जोड नीट बसवावा लागेल.

डबी उघडण्याची वेळ यानंतर येते, त्याआधी नाही. वॉरंटी बाकी असेल तर ती बहुधा इथे संपते. बहुतेक अडीच इंची डब्यांना बाहेर स्क्रू नसतात. दोन कवचे आतल्या खाचांनी अडकलेली असतात. मोबाइल उघडायची प्लॅस्टिकची पट्टी किंवा जुने एटीएम कार्ड सांध्यात घालून कडेकडेने सरकवले की खाचा एकेक करून सुटतात. स्क्रूड्रायव्हर खुपसला तर तो थेट सर्किटवर जातो. आत रबरी ठोकळे, क्वचित चंदेरी चिकटपट्टी आणि टोकाला ब्रिज बोर्ड दिसतो. बोर्ड डिस्कच्या लांबीच्या रेषेत सरळ बाहेर ओढायचा, वर उचलायचा नाही. कोरड्या हवेत अंगावर साठलेली स्थिर वीज आधी जमिनीशी जोडलेल्या धातूला हात लावून उतरवावी. डिस्कच्या स्वतःच्या झाकणाच्या स्क्रूंना मात्र हात लावायचा नाही.

बाहेर काढलेली डिस्क दुसऱ्या केसिंगमध्ये किंवा साटा-यूएसबी केबलवर लावली आणि चालली, तर दोष ब्रिज बोर्डाचा होता आणि काम काही शे रुपयांत झाले. न चालल्यास लगेच निराश होऊ नये, कारण इथे चार अडचणी वाटेत उभ्या असतात.

वेस्टर्न डिजिटलच्या अनेक अडीच इंची डिस्कमध्ये ब्रिज बोर्ड वेगळा नसतोच. यूएसबीचे सॉकेट डिस्कच्या मुख्य सर्किटलाच डागलेले असते. तिथे साटाचा जोडच सापडत नाही आणि घरगुती उपाय संपतो. दुसरी अडचण कूटलेखनाची. माय पासपोर्ट, माय बुक या मालिकांतल्या अनेक डब्यांत ब्रिज बोर्डावरची चिप प्रत्येक बाइट कूटबद्ध करूनच लिहिते, मालकाने पासवर्ड ठेवलेला नसला तरी. डिस्क थेट जोडली तर ती निरोगी असूनही निरर्थक बाइट दाखवते. तिच्यासाठी त्याच जातीचा बोर्ड मिळवावा लागतो.

तिसरी अडचण शुद्ध गणिताची. डिस्कचे भाग नोंदण्याच्या जुन्या एमबीआर पद्धतीत सेक्टरचा क्रमांक 32 बिटांत लिहितात, म्हणजे सुमारे 429 कोटी सेक्टर मोजता येतात. 512 बाइटच्या सेक्टरला गुणले तर 2.2 टेराबाइटला मर्यादा लागते. विंडोज एक्सपीवरही मोठी डिस्क चालावी म्हणून काही डब्यांचे ब्रिज बोर्ड आठ सेक्टरांचा गट करून तो 4096 बाइटचा एकच सेक्टर असल्याचे संगणकाला सांगत. ती डिस्क बाहेर काढून थेट जोडली की संगणक पुन्हा 512 ने मोजतो, सगळे पत्ते आठपटीने चुकतात आणि डिस्क रिकामी भासते. नेमक्या याच क्षणी लोक फॉरमॅट करून बसतात. डेटा जसाच्या तसा असतो. तशाच मोजणीचा बोर्ड लावला किंवा लिनक्समध्ये सेक्टर 4096 चा मानून डिस्क उघडली की सगळे परत दिसते.

चौथी अडचण मोठ्या डब्यांतल्या नव्या डिस्कची. साटाच्या वीजजोडातल्या तिसऱ्या संपर्कावर पूर्वी 3.3 व्होल्ट दिले जात. साटाच्या 3.3 या आवृत्तीपासून तोच संपर्क डिस्क बंद ठेवण्याच्या संकेतासाठी वापरात आला. जुना पॉवर सप्लाय तिथे वीज देत राहतो आणि डिस्क आज्ञाधारकपणे निपचित पडून राहते. त्या संपर्कावर वीजरोधक कॅप्टॉन टेपचा बारीक तुकडा लावला की ती फिरू लागते.

डिस्क उमटली पण वाचताना अडखळत असेल तर फाइली एकेक करून ओढत बसू नये. लिनक्सवरचा डीडीरेस्क्यू हा मोफत प्रोग्रॅम आधी सहज वाचता येणारा भाग दुसऱ्या, तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर उतरवतो आणि अवघड जागांकडे नंतर वळतो. कुठवर काम झाले याची नोंद ठेवतो, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी तिथूनच पुढे सुरू करता येते. दुरुस्तीचे सगळे प्रयोग मग त्या प्रतीवर करावेत. हे काम बारा-पंधरा तासही चालते. परभणीच्या मे महिन्यात खोलीच 40 अंशांवर असते आणि डिस्कची मर्यादा बहुधा 60 अंशांची. कवच काढून, पंख्याच्या वाऱ्यात, शक्यतो रात्री ते करावे. संगणक इन्व्हर्टरवर असलेला बरा.

ठरावीक लयीत ‘टक टक’ येऊ लागली तर मात्र वीज तत्काळ तोडावी. हेडना तबकडीवरच्या खुणा सापडत नाहीत आणि ती पुन्हा पुन्हा कडेला आपटतात, असा त्याचा अर्थ. ही हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवरून चालतात. काळ्या मातीच्या धुळीचा साधा कण त्या अंतराच्या शेकडोपट मोठा असतो. त्यामुळे घरी झाकण उघडणे म्हणजे तबकडी खरवडून काढणे. डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचा जुना सल्लाही सोडून द्यावा, कारण बाहेर काढल्यावर तबकडीवर दव धरते. सारख्या मॉडेलचे सर्किट आणून बसवणे पूर्वी जमत असे. आताच्या बहुतेक डिस्कच्या सर्किटवर आठ पायांची एक चिप असते आणि तिच्यात त्या एकाच डिस्कची मापे लिहिलेली असतात. ती चिप जुन्या सर्किटवरून काढून नव्यावर डागावी लागते. हेड बदलण्याचे काम धूळमुक्त खोलीतच होते. तिथे डिस्क पाठवताना मूळ ब्रिज बोर्डही सोबत द्यावा आणि आधी घरी काय काय करून पाहिले ते कागदावर लिहून द्यावे.