'कार्तूस साब' कोण?

१९७१च्या भारत-पाक युद्धातल्या आठवणी ऐकायच्या असतील तर मेजर जनरल इयन कार्डोझो यांची भाषणं शोधून ऐकाच. जन्म मुंबईचा, शिक्षण सेंट झेवियर्समध्ये, मग खडकवासल्याची एनडीए. पलटण मात्र ४/५ गुरखा रायफल्स. जवानांना 'कार्डोझो' म्हणता येईना, म्हणून ते झाले 'कार्तूस साब'!

डिसेंबरात ही पलटण हेलिकॉप्टरनं पूर्व पाकिस्तानातल्या सिल्हेटजवळ उतरली. जेमतेम एक बटालियन, तीही अपुऱ्या संख्येची. बीबीसीनं मात्र अख्खी ब्रिगेड उतरल्याची बातमी दिली. ती शत्रूनंही ऐकली असणार हे ताडून गुरख्यांनी मोर्चे लांबवर पसरवले आणि ब्रिगेडचा आव आणला. शत्रू शेवटपर्यंत त्या समजात राहिला. मला तर हा किस्सा कुठल्याही युद्धपटापेक्षा भारी वाटतो.

पुढे कार्डोझोंचा पाय सुरुंगावर पडला. मॉर्फिन नव्हतं, पाय कापायला अवजार नव्हतं. त्यांनी आपल्या जवानाला खुकरीनं पाय तोडायला सांगितलं, त्याचा हात धजेना. मग स्वतःच तोडला, आणि वर "जा, पुरून टाक" असं फर्मावलं. हे सांगतानाही ते मिश्कीलच असतात. नंतरची शस्त्रक्रिया केली ती युद्धकैदी असलेल्या पाकिस्तानी सर्जननं. त्याचे आभार मानायचे राहून गेले, ही रुखरुख कार्डोझो आवर्जून बोलून दाखवतात.

लाकडी पायावर त्यांनी डोंगर चढून दाखवले, तेव्हा कुठे बटालियनची कमान मिळाली. नंतर ब्रिगेडचीही.