गोल वळणाचें इंग्रजी अक्षर

गेल्या वैशाखांत आमच्या पुतणीच्या लग्नाची इंग्रजी पत्रिका छापून आली. अक्षर ‘स्नेल राउंडहँड’, मोठें डौलदार. पण छापणाऱ्यानें नांवें सबंध कॅपिटल अक्षरांत जुळविलेलीं. मुलीच्या आईस, म्हणजे आमच्या वहिनींस, लेकीचें नांव वाचतां येईना! दोष अक्षराचा नव्हे. ह्या वळणांतील कॅपिटल अक्षर शब्दारंभीं एकदांच शोभतें. पुढें लहान अक्षरांनीं एकमेकांचा हात धरून चालावें.

हें वळण लंडनचे लेखनगुरु चार्ल्स स्नेल (१६६७–१७३३) यांचें. आमच्या बोरूंत जाड-बारीक रेघ कताच्या तिरपेपणानें येते. येथें ती पिसाच्या लेखणीवरील दाबानें येते. असें तिरकें, जोडून येणारें अक्षर शिशाच्या खिळ्यांत बसविणें जिकिरीचें. खिळ्याबाहेर झुकलेली शेपटी मोडून पडे. प्रकाशचित्रानें अक्षरजुळणी होऊं लागल्यावर ती अडचण उरली नाहीं, आणि १९६५-६६ च्या सुमारास मॅथ्यू कार्टर यांनीं स्नेलचें वळण छापण्याजोगें केलें.

हें सारें आम्हीं त्या मुद्रकास समजाविलें. त्यानें मान डोलाविली. पत्रिका मात्र तशाच वांटाव्या लागल्या. प्रत्येकीवर पुतणीचें नांव वहिनींनीं शाईनें मराठींत लिहिलें.