नवा कार्बोरेटर, तरी गाडी बंद का पडते?

कुर्ल्याला बनलेली, १०८९ सीसीची प्रीमियर पद्मिनी आजही हौशी मंडळी जिवापाड जपतात. कार्बोरेटर बदलला की गिऱ्हाईक खूश. पण सिग्नलला उभी राहिली की गाडी कधी घोंगावते, कधी धापा टाकत बंद पडते. मग माल डुप्लिकेट म्हणून दुकानदाराच्या नावाने खडे फोडायचे! मी आधी कार्बोरेटरच्या बुडाचं पॅकिंग बघतो.

स्लोवर असताना थ्रॉटल जवळजवळ मिटलेला असतो, त्यामुळे इंजिन जोरात हवा ओढतं. पॅकिंग जुनंच ठेवलं किंवा एकच नट आधी आवळून बूड वाकवलं, की फटीतून चोरटी हवा शिरते आणि पेट्रोलचं प्रमाण बिघडतं. इंजिन चालू ठेवून सांध्यावर पातळ ऑइलचे दोन थेंब सोडा. आवाज बदलला, तर चोर तिथेच. डेल्कोकडे, म्हणजे डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी व्हॅक्यूमची नळी निसटली किंवा चिरली असेल, तरी हीच लक्षणं दिसतात.

गळती नसेल तरच स्क्रूला हात लावायचा. इंजिन गरम, चोक पूर्ण उघडा. मिक्स्चरचा स्क्रू हलकेच टेकवून साधारण दीड फेरा मागे घ्यायचा. मग इंजिन सर्वांत एकसारखं चालेल तिथे थांबायचं आणि स्लोचा स्क्रू उतरवायचा. मिक्स्चरचा स्क्रू फिरवून काहीच फरक पडत नसेल, तर स्लो जेटमध्ये कचरा आहे. तोही साफ असेल, तर पॉइंटचं अंतर आणि टायमिंग तपासा. दोष कित्येकदा पेट्रोलचा नसून ठिणगीचा निघतो.