काणाडोळा

इंग्रजीत ‘टर्न अ ब्लाइंड आय’ असा एक वाक्प्रचार आहे. आपला आंधळा डोळा एखाद्या गोष्टीकडे वळवायचा, म्हणजे दिसत असूनही न दिसल्यासारखं करायचं. आपण मराठीत याला ‘काणाडोळा करणं’ म्हणतो. पुष्कळजण ‘कानाडोळा’ असं लिहितात, पण इथं कानाचा काही संबंध नाही. काणा म्हणजे एका डोळ्यानं आंधळा. दोन्ही भाषांना तोच माणूस आठवावा, याची मला मोठी गंमत वाटते.

इंग्रजी वाक्प्रचाराची गोष्ट नेल्सन या आरमारी सेनानीशी जोडली जाते. १७९४ साली कॉर्सिका बेटावरच्या वेढ्यात त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. पुढं २ एप्रिल १८०१ रोजी कोपनहेगनसमोर ब्रिटिश आणि डॅनिश आरमारांची लढाई जुंपली. सरसेनापती हाइड पार्कर बराच लांब होता. लढाई अवघड होतेय असं पाहून त्यानं ३९ क्रमांकाचं निशाण चढवलं. त्याचा अर्थ, लढाई थांबवा. नेल्सन आपल्या कॅप्टनला म्हणाला, मला एकच डोळा आहे, कधीमधी आंधळं व्हायचा हक्क आहे मला. मग त्यानं दुर्बीण आंधळ्या डोळ्याला लावली आणि निशाण दिसतच नाही म्हणाला, असं सांगतात. लढाई तो जिंकला. महिन्याभरानं पार्करला माघारी बोलावून त्याची जागा नेल्सनला दिली गेली.

हा वाक्प्रचार मात्र नेल्सनच्या आधीच्या इंग्रजी लेखनातही सापडतो. तेव्हा तो त्यानं जन्माला घातला नाही, गाजवला एवढंच.

या गोष्टीतलं एक माणूस सहसा कुणी सांगत नाही. रिऊ नावाचा कॅप्टन लहान जहाजांची तुकडी घेऊन लढत होता. त्याला तेच निशाण दिसलं. त्यानं ते मानलं, जहाज वळवलं आणि वळता वळताच तोफेचा गोळा लागून तो गेला.

काणाडोळा करणाऱ्याला दुसरा, शाबूत डोळा असतो आणि त्या डोळ्यानं सगळं आधीच पाहिलेलं असतं. म्हणून ‘माझं लक्ष नव्हतं’ आणि ‘मी काणाडोळा केला’ या दोन वाक्यांत फार अंतर आहे.

शाळेत असताना माझी फी थकली होती. थकबाकीदार मुलांची नावं वाचताना आमचे गुरुजी माझ्या नावाशी क्षणभर थांबले आणि पुढचं नाव वाचलं. वरून विचारणा झाली असती तर उत्तर त्यांनाच द्यावं लागलं असतं. त्या काणाडोळ्यावर मी शिकलो.

आणि काही वर्षांपूर्वी एस.टी. स्टँडवर चारपाच जण एका पोराला चोर, चोर म्हणत मारत होते. मी पाहिलं. मग वळलो आणि वेळापत्रकाचा फलक वाचू लागलो. माझी गाडी कितीची आहे, ते मला पाठ होतं.

नेल्सननं आणि गुरुजींनी डोळा फिरवला तो वरच्यांच्या हुकुमाकडून, स्वतःच्या जबाबदारीवर. मी फिरवला तो एका पोराकडून, आणि त्याची किंमत त्यानं मोजली. शब्द एकच आहे. तो वापरताना किंमत कोण देणार, एवढं विचारायला हवं. त्या दिवशी मी ते विचारलं नाही. ते पोर माझ्याकडेच बघत होतं.