रात्रीचा दिवा आणि कावळ्याचा मेंदू



चौथीच्या वर्गात पक्ष्यांचा विषय चालू होता. एका मुलाने विचारलं, "सर, आमच्या दारासमोरच्या झाडावर कावळे रात्री दोनला का ओरडतात?" त्या झाडाशेजारी केळीचे ट्रक भरले जातात, रात्रभर मोठा दिवा असतो. वर्गात मी "उजेडामुळे" एवढंच म्हणून वेळ मारून नेली. घरी येऊन वाचलं, ते इथे देतोय.

आपल्याला उजेड डोळ्यांनी कळतो. पक्ष्यांची कवटी पातळ असते. तिच्यातून उजेड आत झिरपतो आणि मेंदूतल्या काही पेशींना तो थेट जाणवतो. अंधार पडला की पिनियल ग्रंथी मेलाटोनिन हे संप्रेरक सोडते. 'रात्र झाली' हा निरोप शरीराला त्यातून मिळतो. दिवा चालूच राहिला तर तो निरोप नीट पोचत नाही.

दिल्ली विद्यापीठात आपल्या नेहमीच्या गावकावळ्यांवरच याचा प्रयोग झाला, २०१८ साली तो प्रसिद्ध झाला. दिवसा १५० लक्स उजेड, आणि रात्री अंधाराऐवजी फक्त ६ लक्स. (पौर्णिमेचं चांदणं अर्धा लक्ससुद्धा भरत नाही.) कावळ्यांची झोप घटली, मेलाटोनिन घटलं. ते कमी खाऊ लागले, पिसं साफ करेनात, स्वतःलाच इजा करून घेऊ लागले. नवी वस्तू ठेवली तर तिची चौकशीही कमी. आपल्या मुलांच्या डब्यावर टपून बसणारा कावळा हा! मेंदूत आठवण आणि मनःस्थिती सांभाळणारा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आहे, तिथे नव्या चेतापेशी तयार होण्याच्या खुणाही कमी दिसल्या.

मग रात्री पुन्हा पूर्ण अंधार केला, तेव्हा कावळ्यांचं वागणं पूर्वपदावर आलं. मला ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते.

दिवा पिवळसर लावला तर? ऑस्ट्रेलियातल्या २०२० च्या अभ्यासात तिथल्या मॅग्पाय पक्ष्यांची झोप पिवळसर दिव्यात जरा कमी बिघडली, कबुतरांना मात्र काहीच फरक पडला नाही.

एक सांगतो, उन्हाळ्यात कोकीळ रात्री ओरडला तर लगेच दिव्याला दोष देऊ नका. विणीच्या दिवसांत तो तसाही ओरडतो.

ट्रक भरणाऱ्या माणसांना उजेड लागणारच, तो बंद करा कसं म्हणणार? पण दिव्यावर पत्र्याची टोपी बसवली तर उजेड ट्रकवर पडेल, झाडावर नाही. त्या मुलाच्या वडिलांशी बोललो, ते विचारून बघणार आहेत. तोपर्यंत तो वहीत रोज लिहितोय, कावळे किती वाजता ओरडले ते.